मावते किती आणि झाकते किती

(बेळगाव येथे भरलेल्या महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



समितीने मला दोन शब्द बोलावयास सांगितले आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. या व्यासपीठावरून पुराणांवर, संतचरित्रांवर आणि आपल्या देवस्थानच्या इतिहासावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ होऊन गेले. माझा तो अधिकार नाही. सारा जन्म कारकुनीत गेला. पावत्या, खतावण्या आणि मोजमापांच्या वह्या हेच माझे ग्रंथ. तेव्हा जे हातून रोज गेले त्यावरच बोलावे, असे ठरवून मी घनफळ आणि पृष्ठफळ हा विषय घेतला आहे. शाळेत हा विषय कित्येकांना नकोसा झालेला असतो याची मला कल्पना आहे. पण आपल्या आगामी सर्वसाधारण सभेपुढे दोन अंदाजपत्रके यावयाची आहेत. एक तळीतील गाळ उपसण्याचे आणि दुसरे घुमटावर तांब्याचा पत्रा चढविण्याचे. पहिल्यात प्रश्न आहे, आत मावले किती? दुसऱ्यात प्रश्न आहे, वरून झाकावयाचे किती? दोन्ही कामांना पैसा देवाचा लागणार आणि संमतीचा हात आपण वर करणार. ज्या आकड्यासाठी हात वर करावयाचा, तो कोणत्या रीतीने आला हे आपणास ठाऊक असावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ मिटवू. पणजीच्या लायसियममध्ये मी शिकलो तेव्हा पोर्तुगीज पुस्तकांतून आम्हांस मीटर, चौरस मीटर आणि घनमीटर शिकविले गेले. एकेक मोजमापाचे नाव निराळे, त्यामुळे गोंधळास जागा नव्हती. नोकरीनिमित्त या भागात आल्यावर 'ब्रास' हा शब्द कानी पडला. वाळू, खडी, दगड, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. पण गिलावा, फरशी, रंग यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट! एकच शब्द मावण्यासाठी आणि तोच झाकण्यासाठी. गवंडी, मुकादम यांस त्याची सवय असते, ते चुकत नाहीत. चुकतो तो समितीत बसलेला सुशिक्षित माणूस. अंदाजपत्रकात 'ब्रास' दिसला की तो कोणता, हे आधी विचारावे. या विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

आता हा विषय परकीय शाळांनी आणलेला आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला आणि लीलावती हा त्याचाच पहिला भाग. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी खानदेशातील पाटण म्हणतात. पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख आहे. वाद काहीही असो, हा माणूस आपल्याच दख्खनच्या मातीतला. आणि त्याने घनफळाचे गणित कशाकशावर मांडले ते पाहा. खातव्यवहार म्हणजे खड्डा, विहीर, तलाव. चितिव्यवहार म्हणजे विटांची रचलेली थप्पी. क्रकचव्यवहार म्हणजे करवतीने लाकूड चिरणे. राशिव्यवहार म्हणजे धान्याची रास. शेतकरी, गवंडी, सुतार आणि कोठारावरचा कारकून यांचेच हे चार व्यवहार आहेत. यांतील चौथ्याचा कारकून मी, म्हणून रासेपासून आरंभ करतो.

आपल्यापैकी ज्यांची भातशेती खानापूर किंवा बेळगावच्या बाजूस आहे त्यांनी खळ्यावरची रास पाहिलेली आहे. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी असे माप तोंडपाठ असणारी पिढी आता विरळ झाली. ते लोक रासेकडे पाहून अमुक खंड्या भात भरेल असे सांगत आणि माप घातल्यावर फारसा फरक पडत नसे. हे डोळ्याचे कसब खरे, पण त्यामागे नियम आहे. भास्कराचार्य सांगतात की रासेचा फक्त परीघ मोजावा. उंची मोजण्याचे कारण नाही, ती धान्याच्या जातीवरून कळते. जाड दाण्याच्या धान्याची रास परिघाच्या दहाव्या हिश्श्याइतकी उंच होते, बारीक दाण्याची अकराव्या हिश्श्याइतकी आणि कुसे असलेल्या धान्याची, उदाहरणार्थ भाताची, नवव्या हिश्श्याइतकी. बारीक दाणा घसरतो म्हणून रास बसकी होते, कुसे एकमेकांत अडकतात म्हणून ती चढती राहते. मग परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. त्यांचेच उदाहरण साठ हात परिघाच्या रासेचे आहे. सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर. जाड धान्याची उंची सहा हात, म्हणून सहाशे घनहात. त्याच परिघात बारीक धान्य भरते ५४५ ५/११ आणि कुसाचे धान्य ६६६ २/३.

आपल्या मापात सांगावयाचे तर भाताच्या रासेचा परीघ तीस फूट आहे असे समजा. उंची तीन फूट चार इंच. परिघाचा सहावा भाग पाच, वर्ग पंचवीस, आणि घनफळ ८३ घनफुटांहून किंचित अधिक. वजनात ते तेरा क्विंटलांच्या आसपास जाते. चिकित्सक विद्यार्थी येथे मला अडवील आणि म्हणेल की या रीतीत परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे, शंकूच्या खऱ्या सूत्राने उत्तर ७९.६ येते. तो बरोबर आहे. फरक शेकडा पावणेपाचाचा पडतो. भास्कराचार्यांस त्याहून सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक होते, त्याच ग्रंथात ते १२५० ला ३९२७ असे देतात. पण खळ्यावरची रास म्हणजे कोणी लेथवर घडविलेला शंकू नव्हे. जेथे वस्तूच ओबडधोबड आहे तेथे हिशेब दशांशाच्या चार स्थळांपर्यंत नेण्यात अर्थ नाही, हा त्यांचा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो.

याच प्रकरणात एक गंमत आहे आणि निपाणीच्या मंडळींना ती विशेष रुचेल. निपाणी तंबाखूच्या वखारींचे गाव. तंबाखूचा चुरा दाबला की बसतो, म्हणून तेथे घनफळावर विसंबत नाहीत, काटाच लागतो. पण ज्याने वखारीत शेंगा किंवा धान्य ओतलेले आहे त्याला ठाऊक आहे की रास क्वचितच मोकळ्या जागेत पडते. ती भिंतीला टेकते, नाहीतर कोपऱ्यात बसते. मग परीघ मोजावा कसा? भास्कराचार्य म्हणतात, भिंतीला टेकलेली रास ही अर्धी रास, तिच्या परिघाची दुप्पट करून हिशेब करा आणि उत्तर निम्मे करा. कोपऱ्यातली रास ही पाव रास, तेथे चौपट करा आणि चौथा हिस्सा घ्या. आणि भिंतीच्या बाहेरच्या कोनावर, म्हणजे घराच्या नाक्याला वळसा घालून पडलेली रास ही पाऊण रास, तिचा परीघ चार तृतीयांशाने गुणून शेवटी उत्तराचे तीन चतुर्थांश घ्या. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हा महापंडित कोणाच्या तरी वखारीच्या कोपऱ्यात उभा राहिला असला पाहिजे. नुसत्या आसनावर बसून बाहेरच्या कोनाची रास सुचत नाही.

आता तळीकडे वळतो. तळी वर रुंद, खाली अरुंद, मध्ये पायऱ्या. तिचे घनफळ काढताना दोन सोप्या वाटा दिसतात आणि दोन्ही फसव्या आहेत. लीलावतीतील वापीचे उदाहरण घ्या. मुखाशी लांबी बारा हात, रुंदी दहा हात. तळाशी सहा आणि पाच. खोली सात हात. वरचे क्षेत्र १२०, खालचे ३०. कोणी म्हणेल, दोहोंची सरासरी ७५, गुणिले सात, झाले ५२५. दुसरा म्हणेल, आधी बाजूंची सरासरी काढा, नऊ आणि साडेसात, क्षेत्र साडेसदुसष्ट, गुणिले सात, झाले चारशे साडेबाहत्तर. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक, आणि फरक साडेबावन्न घनहातांचा! भास्कराचार्यांची रीत अशी. वरचे क्षेत्र, खालचे क्षेत्र आणि वरच्या व खालच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आयताचे क्षेत्र, या तिहींची बेरीज करून सहाने भागावे. १२० अधिक ३० अधिक अठरा गुणिले पंधरा म्हणजे २७०, एकूण ४२०. सहावा भाग ७०. सातने गुणले की ४९०. हेच खरे उत्तर. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हीच गोष्ट निराळ्या वाटेने सांगितली होती. दोन्ही चुकीची उत्तरे काढा, मोठ्यातून लहान वजा करा आणि त्या वजाबाकीचा तिसरा हिस्सा लहान उत्तरात मिळवा. साडेबावन्नाचा तिसरा हिस्सा साडेसतरा, तो ४७२.५ मध्ये मिळविला की ४९०. वादात दोन्ही पक्षांचे ऐकून घेऊन निवाडा करावा तसे हे गणित आहे.

आपल्या तळीवर हे लावून पाहू. मापे मी उदाहरणासाठी सोयीची घेतली आहेत, खरी अजून घ्यावयाची आहेत. समजा, गाळाचा पृष्ठभाग ४८ फूट गुणिले ४० फूट, तळ ३६ फूट गुणिले २८ फूट आणि गाळाची खोली सहा फूट. वर १९२०, खाली १००८, बाजूंच्या बेरजांचा आयत ८४ गुणिले ६८ म्हणजे ५७१२. एकूण ८६४०, सहावा भाग १४४०, खोलीने गुणून ८६४० घनफूट, अर्थात ८६.४ ब्रास. येथे दोन सरासऱ्यांतला फरक अगदी किरकोळ पडतो, दोन ब्रासांच्या थोडा वर. त्यासाठी कोणी भांडू नये. पण कोणी वरची लांबी, वरची रुंदी आणि खोली असा सरळ गुणाकार केला तर उत्तर येते ११५.२ ब्रास. बरोबर एक तृतीयांश अधिक!

हे मी कल्पनेने सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी सीमाभागातील एका देवस्थानाच्या तळीचा गाळ काढला गेला. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मी तेव्हा तेथला नुसता एक वर्गणीदार होतो. बिल आले ते याच सरळ गुणाकाराने. समितीत दोन पदवीधर होते, एक वकील होते. कोणीही विचारले नाही. मक्तेदार परिचितांपैकी, घराणे चांगले, त्याला मापे विचारणे म्हणजे त्याच्या सचोटीवर शंका घेणे असे सर्वांस वाटले. मी कागदावर आकडे मांडून दाखविले तेव्हा मला उत्तर मिळाले, "देवाच्या कामात इतके बारीक बघू नये." मक्तेदार लबाड होता असे मी आजही म्हणणार नाही. शाळेत लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार शिकविला तो त्याने केला. परंतु त्या वर्षी पालखीच्या चांदीची दुरुस्ती पैशाअभावी राहिली आणि पालखी चार वर्षे तशीच निघाली. माझे म्हणणे त्या समितीच्या नेमके उलट आहे. स्वतःच्या घरच्या कामात डोळेझाक करावयाची तर खुशाल करावी, देवाच्या कामातच बारीक बघितले पाहिजे. तो पैसा कोणा म्हातारीने तांदळाच्या डब्यात जमवून दिलेला असतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जमिनीत घट्ट बसलेली माती उकरली की फुगते, साधारणपणे चौथ्या हिश्श्याने म्हणा, मातीच्या जातीप्रमाणे कमीअधिक. जागेवरचे ८६ ब्रास गाडीत भरताना १०८ च्या आसपास जातात. म्हणून दर ठरविताना 'जागेवर मोजून' की 'गाडीत मोजून', हे करारात लिहून घ्यावे. दोन्ही पद्धती रास्त आहेत. दर एका पद्धतीचा आणि माप दुसरीचे, असे मात्र होता कामा नये.

तळीनंतर शिखर. हलशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी, खानापूर तालुक्यातली, आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली. कदंब पद्धतीचे शिखर म्हणजे एकावर एक लहान लहान होत जाणारे चौकोनी थर. सूचीचे घनफळ तेवढ्याच पायाच्या व उंचीच्या ठोकळ्याच्या एक तृतीयांश का, हे शाळेत आम्हांस नुसते पाठ करावयास लावले होते. हे शिखर ते समजावून देते. दहा थर कल्पा, प्रत्येक एक हात उंच, सर्वांत खालचा दहा हात चौरस, त्यावर नऊ, मग आठ, असे शेंड्याला एक. वर्गांची बेरीज होते ३८५. भोवतीचा पुरा ठोकळा हजाराचा. थर अर्ध्या हाताचे करून वीस केले तर बेरीज ३५८.७५. शंभर थर केले तर ३३८.३५. थर बारीक करीत जावे तसतशी बेरीज हजाराच्या तिसऱ्या हिश्श्याकडे, ३३३.३३ कडे सरकते, पण त्याखाली उतरत नाही. नातवंडांना घेऊन हलशीला जाल तेव्हा देवदर्शन झाल्यावर हे थर त्यांच्याकडून मोजवून घ्या.

घुमटाचे गणित याहून अवघड आणि त्याचा इतिहासही वळणावळणाचा आहे. गोलाचे घनफळ काढताना आर्यभटासारखा आर्यभट घसरला. त्याच्या रीतीने उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक येते. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने कर्नाटकात गणितसारसंग्रह रचला. त्याने गोलाच्या घनफळासाठी एक व्यावहारिक आणि एक सूक्ष्म अशा दोन रीती दिल्या. सूक्ष्म रीतीची चूक शेकडा तीन-साडेतीनावर आली होती. संपूर्ण शुद्ध रीत भास्कराचार्यांची. वर्तुळाचे क्षेत्रफळ चारने गुणावे, म्हणजे चेंडूवर घट्ट बसविलेल्या जाळ्याप्रमाणे गोलाचे पृष्ठफळ मिळते, आणि ते व्यासाने गुणून सहाने भागावे, म्हणजे घनफळ. सात व्यासाच्या गोलाचे पृष्ठफळ त्यांनी १५३ ११७३/१२५० दिले आहे आणि घनफळ १७९ १४८७/२५००. मी हे आकडे पडताळून पाहिले आहेत, शेवटच्या अपूर्णांकापर्यंत जुळतात. पृष्ठफळाबाबत पूर्वसूरी लल्ल चुकला हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांची उपपत्ती गोलाध्यायात आहे. आवळ्याच्या फोडींप्रमाणे गोलाच्या पृष्ठाचे उभे भाग पाडावयाचे आणि एका फोडीचे क्षेत्र काढावयाचे. घनफळासाठी पृष्ठावर इवले इवले चौकोन आखून प्रत्येकापासून केंद्रापर्यंत जाणारी सूची कल्पावयाची, आणि सूची म्हणजे एक तृतीयांश, हे आपण शिखरावर आताच पाहिले. ग्रीक आर्किमिडीज हा त्याच सत्याला चौदाशे वर्षे आधी पोहोचला होता. लायसियममध्ये आम्हांस तेवढेच नाव सांगितले गेले. भास्कराचार्यांचे नाव मी बेळगावात आल्यावर एका शास्त्रीबोवांच्या तोंडून प्रथम ऐकले.

पत्र्याच्या कामासाठी मी एका वृद्ध तांबटाकडे चौकशीस गेलो होतो. ते म्हणाले, "बघा अण्णा, पत्रा मी तुम्हाला वजनावर देणार आणि मजुरी फुटावर घेणार."

"मामा, दोन्ही वजनावर का नाही?" मी विचारले.

"पत्रा जाड घेतला म्हणून मला ठोकायला घुमट मोठा होत नाही की हो!"

एवढ्या थोडक्या शब्दांत घनफळ व पृष्ठफळ यांतला भेद कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला सांगितला नव्हता. वजन हे घनफळाचे अंग, श्रम हे पृष्ठाचे. लीलावतीतील करवतीचे गणितही असेच आहे. वीस अंगुळे बुंध्याशी, सोळा शेंड्याशी, शंभर अंगुळे लांब अशा लाकडाचे चार चीर घ्यावयाचे, तर करवत किती हात चालली? सरासरी अठरा गुणिले शंभर गुणिले चार, ७२०० चौरस अंगुळे, म्हणजे साडेबारा चौरस हात. लाकूड किती हा प्रश्नच तेथे नाही. सुताराचा दाम चिरलेल्या पृष्ठावर.

आता आपला घुमट. व्यास १४ फूट आणि आकार पुरा अर्धगोल असेल तर पृष्ठफळ ३०८ चौरस फूट. पण पुष्कळ घुमट पुरे अर्धगोल नसतात, किंचित बसके असतात. त्यासाठी एक सोपी रीत आहे. घुमटाच्या पायाची निम्मी रुंदी आणि उभी उंची घ्यावी, दोहोंच्या वर्गांची बेरीज करावी आणि २२/७ ने गुणावे. निम्मी रुंदी सात, उंचीही सात, तर ९८ गुणिले २२/७, म्हणजे ३०८. उंची पाचच फूट असेल तर ७४ गुणिले २२/७, सुमारे २३३. उंचीत दोन फूट कमी झाले तर पत्रा पाऊणशे फूट वाचला. तेव्हा 'घुमट, व्यास १४ फूट' एवढाच उल्लेख असलेले अंदाजपत्रक अपुरे समजावे. उंची लिहिलेली हवी. घुमट अष्टकोनी पाकळ्यांचा असेल तर एकेक पाकळी निराळी मोजावी लागेल. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर ३०८ चौरस फुटांस सुमारे २५६ किलो तांबे लागते, अर्ध्या मिलिमीटरला त्याच्या निम्मे. सांध्यांची दुमड आणि कापताना जाणारे तुकडे वेगळे. तुकडे कोणाचे, हेही आधीच ठरवावे. तांब्याचा भाव पाहता तो भाग क्षुल्लक नाही.

व्यास वाढला की काय होते ते विजापूरला पाहावे. गोलघुमटाचा आतील व्यास १२४ फुटांच्या आसपास, आपल्या कल्पिलेल्या घुमटाच्या जवळजवळ नऊपट. पृष्ठ मात्र सुमारे ८१ पट आणि आत मावणारी हवा ७२९ पट. प्रसादाच्या लाडवाचा व्यास निम्मा केला तर एका लाडवाचे आठ होतात. उत्सवाच्या दिवशी पंगत अनपेक्षित वाढली की स्वयंपाकघरातील भगिनी हे सूत्र न शिकताही वापरतात.

पृष्ठ आणि घन यांच्या या विषम वाढीचा उपयोग आपल्या भागातील जुन्या लोकांनी फार चांगला ओळखला होता. गुळाची अखंड ढेप पावसाळा काढते, फोडलेली ढेप आठ दिवसांत पाघळू लागते. एक फूट घनाचा ठोकळा घ्या. त्याला सहा चौरस फूट पृष्ठ. तिन्ही बाजूंनी मधोमध कापून आठ तुकडे केले की गूळ तितकाच, पृष्ठ मात्र बारा. दमट हवा पृष्ठावाटे शिरते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच विचाराने घडलेली आहेत. तोंड एक माणूस उतरेल एवढे, पोट विस्तीर्ण. माल पुष्कळ मावावा आणि हवेशी संबंध फक्त तोंडापुरता यावा. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरून फार हानी झाली. पाण्यापुढे भूमितीचे काही चालले नाही.

वेळ बराच झाला. अध्यक्षमहाशयांची अनुज्ञा घेऊन एक सूचना करतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढण्यापूर्वी, तळीची आणि घुमटाची मापे आपणच घेऊ. दोन तुकड्या कराव्यात, त्यांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि आकडे जुळल्याशिवाय वहीत चढवू नयेत. गाळाची खोली एका जागी न पाहता निदान नऊ जागी पाहावी: चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि मधोमध. तरुण मुलामुलींनी अवश्य यावे, गणित मी करवून घेईन. शंभर फुटी टेप समितीकडे आहे. गाळात खोचावयाला फुटांच्या खुणा केलेला एक लांब, सरळ बांबू तेवढा कोणीतरी आणावा.